रन्वारने चालणे सोडले, त्याचा हिशेब

१९१२ सालची गोष्ट. फ्रेंच चित्रकार पिएर-ओग्युस्त रन्वार तेव्हा ७१ वर्षांचा होता. गेली वीस वर्षे सांध्यांच्या दुखण्याने त्याला पोखरले होते. हाताची बोटे तळव्याकडे वळून घट्ट झाली होती, खांदा उचलत नव्हता आणि आता पायही गेले होते. घरच्यांनी एका नावाजलेल्या डॉक्टरांना गाठले. त्यांनी या रोग्याला चालते करण्याचा विडाच उचलला. काही आठवडे ताकदीचा आहार आणि औषधपाणी झाले. अंगात थोडे त्राण आले. मग एके दिवशी डॉक्टरांनी त्याला काखेत हात घालून खुर्चीतून उठवले आणि हळूच आधार काढून घेतला.

घरचे श्वास रोखून बघत होते. रन्वारने एक पाऊल टाकले, मग दुसरे. ईझलवर लावलेल्या कॅनव्हासभोवती सगळा जोर एकवटून त्याने एक फेरी मारली आणि तो पुन्हा खुर्चीपाशी आला. आता रोज थोडे थोडे वाढवायचे, असे डॉक्टरांच्या मनात असणार. पण रन्वारने त्यांना सांगून टाकले की हे इथेच थांबवू. चालायला त्याची सगळी इच्छाशक्ती लागत होती आणि मग चित्र काढायला काही शिल्लक राहत नव्हते. दोन्हींतले एकच जमणार असेल, तर त्याला चित्र हवे होते. तो खुर्चीत बसला. त्यानंतर सात वर्षे जगला, पण पुन्हा कधी उठून चालला नाही.

ही हकीकत त्याचा मुलगा झाँ याने वडिलांच्या चरित्रात लिहून ठेवली आहे. हाच झाँ रन्वार पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. बंगालमध्ये येऊन त्याने ‘द रिव्हर’ हा चित्रपट काढला, तेव्हा तरुण सत्यजित राय त्याच्यासोबत चित्रीकरणाच्या जागा शोधत फिरत असत.

धडधाकट माणसाला ही गोष्ट हार मानल्यासारखी वाटेल. ज्याच्या घरात संधिवाताचा रोगी आहे, त्याला तसे वाटणार नाही. या आजारात दुखणे लोकांना दिसते, वाकडी बोटे दिसतात, पण थकवा कोणालाच दिसत नाही. सकाळी उठून दात घासले, कपडे घातले, केस विंचरले की दिवसभराची अर्धी ताकद संपलेली असते. उरलेली कुठे लावायची, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. रन्वारला तो कळला होता आणि उत्तर देताना तो डगमगला नाही.

रन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ चा, फ्रान्समधल्या लिमोज शहरातला. बाप शिंपी. कुटुंब पॅरिसला आले आणि तेराव्या वर्षी पोरगा चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवायला कारखान्यात लागला. हात तिथे तयार झाला. पुढे मोने, सिस्ले, बाझील हे मित्र भेटले, १८७४ मध्ये इंप्रेशनिस्ट चित्रकारांचे पहिले प्रदर्शन झाले, टीकाकारांनी टर उडवली, गरिबीत दिवस गेले आणि हळूहळू गिऱ्हाईक मिळू लागले. नाचगाणी, नौकाविहार, उन्हातल्या बागा, गोबऱ्या गालांची मुले ही त्याची दुनिया. पन्नाशीला आला तेव्हा नाव आणि पैसा दोन्ही पदरात होते. नेमके तेव्हाच सांधे धरू लागले.

घरात मात्र दुखण्याचा मुहूर्त वेगळा सांगितला जाई. १८९७ च्या उन्हाळ्यात एसवा या बायकोच्या गावी रन्वार सायकलवरून जात असताना पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर पडला आणि त्याचा उजवा हात मोडला. प्लास्टर असेपर्यंत त्याने डाव्या हाताने चित्रे काढली. पुढे दुखणे सुरू झाले ते त्या पडण्यामुळेच, असे सगळे धरून चालले. पण नंतरच्या काळात वैद्यकीय अभ्यासकांनी त्याची पत्रे आणि जुने फोटो तपासले, तेव्हा १८९६ च्या एका फोटोत बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सुजलेले दिसले. म्हणजे अपघाताच्या आधीच आजार आत शिरला होता. बहुधा १८९२ च्या सुमाराला. आपल्याकडेही घरोघर असेच होते. कुठेतरी पडल्याची, भिजल्याची किंवा जड उचलल्याची एखादी तारीख लक्षात राहते आणि आजाराचा सगळा दोष तिच्यावर जातो.

हा आजार होता रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. मराठीत त्याला संधिवात किंवा आमवात म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजून होणारी सांधेदुखी ती ही नव्हे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजते, जाड होते, हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडते, स्नायुबंध सैल होतात किंवा तुटतात. हाताचे लहान सांधे बहुतेक वेळा आधी, आणि दोन्ही बाजूंचे. सकाळी उठल्यावर तासन्तास सांधे आखडलेले राहतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो हे आता पक्के ठाऊक आहे. रन्वारच्या म्हातारपणीच्या कितीतरी फोटोंत त्याच्या ओठात सिगारेट आहे. स्वतः पेटवता येईना तेव्हा दुसरे कोणीतरी ती पेटवून देई. त्या काळी त्याला कोण सांगणार?

थकव्याचे मूळही याच आगीत आहे. सूज चेतवणारी जी रसायने सांध्यात तयार होतात ती रक्तातून सगळीकडे फिरतात, मेंदूपर्यंत पोहोचतात. फ्लूचा ताप चढताना अंग मोडून येते, काही करू नये असे वाटते, तसेच काहीसे इथे महिनोन्महिने चालते. भरीला रक्त कमी होते. रात्री कूस बदलताना कळ येते म्हणून झोप पुरी होत नाही. स्नायू झडतात. आखडलेला सांधा वाकवायलाच जास्त जोर लागतो. म्हणून हा थकवा एका रात्रीच्या झोपेने जात नाही आणि त्याला आळस म्हणणाऱ्या माणसाला त्यातले काही कळलेले नसते. रन्वारचे वजन १९०४ च्या सुमारास ५० किलोच्या खाली गेले होते. अंगावर मांस इतके कमी राहिले की बसणेही टोचत असे. रात्री पांघरुणाचा भार सहन होत नसे, म्हणून ते अंगाला लागू नये अशी तारेची चौकट पलंगावर बसवली होती.

आजार सरळ रेषेत वाढत नाही, हे त्याच्या आयुष्यात फार स्पष्ट दिसते. काही महिने बरे जात, मग दुखणे उचल खाई. आधी एक काठी आली, मग दोन, मग कुबड्या. १९१० च्या उन्हाळ्यात इतके बरे वाटले की एका कुटुंबाची चित्रे काढायला तो थेट म्युनिकला गेला. परत आला आणि थोड्याच काळात पायांनी साथ सोडली. प्रवासाने असे झाले असे म्हणता येणार नाही, आजार आपल्या गतीने चाललाच होता. पण बऱ्या दिवसांचा भरवसा धरता येत नाही, हे त्याला एव्हाना अनेकदा कळून चुकले असेल.

आज संधिवाताच्या रोग्यांना डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट एक गोष्ट वारंवार सांगतात. बरे वाटले की एकाच दिवसात सगळे घर आवरून काढायचे आणि पुढचे चार दिवस अंथरूण धरायचे, असे करू नका. चांगल्या दिवशीही हात राखून काम करा, मध्ये मध्ये टेका, जड काम आणि हलके काम आलटून पालटून घ्या. दुखणे उसळले असेल तेव्हा सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्या, पण पूर्ण बांधून ठेवू नका, झेपेल तेवढी हालचाल ठेवा, आणि उसळी ओसरली की व्यायाम पुन्हा धरा. रन्वारला हे सांगणारे कोणी नव्हते. तरी त्याने यातले बरेचसे आपल्या आपण शोधून काढले, ते बघण्यासारखे आहे.

हात चालत होते तोवर तो रोज सकाळी कामाला बसण्याआधी दहा मिनिटे तीन चेंडू झेलत असे, सर्कशीतला विदूषक झेलतो तसे. बोटे आखडू नयेत म्हणून. चेंडू पकडता येईनात तेव्हा लाकडाचा एक गुळगुळीत ओंडका घेतला. तो हवेत उडवायचा, फिरवायचा, एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचा. बिलियर्ड्सही खेळे, कारण त्यात चमत्कारिक कोनांतून अंग वाकवावे लागते. हे सगळे त्याने शक्य होते तोपर्यंत टिकवले आणि शक्य नाही असे दिसल्यावर सोडून दिले. उगाच रेटत बसला नाही.

उबेसाठी तो दरवर्षी हिवाळ्यात दक्षिणेला जाऊ लागला. हवेचा आणि संधिवाताचा संबंध विज्ञानाला अजून नीट सिद्ध करता आलेला नाही, पण ऊब लागली की आखडलेले सांधे सुटतात हा अनुभव कोणीही सांगेल. १९०७ मध्ये त्याने भूमध्य समुद्राजवळच्या कान्य गावी टेकडीवरची ‘ले कोलेत’ नावाची वाडी घेतली. तिथली शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडे तोडली जाणार होती, ती वाचवणे हाही एक हेतू होता. वाडीत घर बांधले, आणि बागेत झाडांच्या मधोमध काचेचा एक छोटा स्टुडिओ. वारा-पावसाचा त्रास नाही, पण चहूबाजूंनी उघड्यावरचा उजेड. तो कमी-जास्त करायला सुती पडदे. जन्मभर उघड्यावर चित्रे काढलेल्या माणसाने उघडे आकाश सोडले नाही, फक्त त्याला छप्पर घातले. घरातून तिथवर त्याला खुर्चीला बांबू लावून डोलीसारखे उचलून नेत.

स्टुडिओतली व्यवस्था तर एखाद्या कारागिराने लावावी तशी होती. खांदा उचलत नाही, मोठ्या कॅनव्हासच्या वरच्या कडेला हात पोहोचत नाही, म्हणून कॅनव्हास दोन रुळांवर गुंडाळलेला. दांडा फिरवला की चित्र वर-खाली सरके आणि हवा तो भाग समोर येई. हात न्यायचा चित्राकडे, याऐवजी चित्रच हाताकडे आणले. पॅलेट मांडीवर ठेवलेली. तळव्यात रुतणाऱ्या बोटांनी कातडी सोलवटू नये म्हणून रोज टाल्कम पावडर लावून मऊ कापडाची पट्टी बांधली जाई.

या पट्टीवरूनच एक दंतकथा निघाली. ब्रश हाताला बांधून रन्वार चित्रे काढत असे, असे आजही अनेक ठिकाणी छापले जाते. ते खरे नाही. ब्रश कोणीतरी त्याच्या बोटांमध्ये सारून देई आणि तो तो आवळून धरी. वळलेल्या बोटांत तेवढा जोर होता. एकदा हातात आलेला ब्रश तो शक्यतो बदलत नसे. रंग बदलायचा झाला तर तोच टर्पेंटाइनमध्ये बुडवून धुई आणि पुढे चाले. ब्रश बदलायचा म्हणजे दुसऱ्याला थांबवायचे, बोटे सोडवायची, पुन्हा रोवायची. ती मेहनत त्याने वाचवली.

१९१५ मध्ये साशा गित्री या नाट्यकर्मीने रन्वारला काम करताना फिल्मवर टिपले. मुका, काळापांढरा, जेमतेम काही मिनिटांचा तुकडा. शेजारी चौदा वर्षांचा धाकटा मुलगा क्लोद उभा आहे, ब्रश देतो आहे. म्हातारा बोलतो, सिगारेट ओढतो, आणि ते गाठी आलेले हात कॅनव्हासवर झपाझप फटकारे मारतात. हाताकडे पाहिले तर याला चमचा धरता येईल का असा प्रश्न पडावा. हालचाल पाहिली तर तसे वाटत नाही. मनगट आणि बोटे गेली तरी उरलेल्या हाताला साठ वर्षांची सवय होती.

पण हे त्या एकट्याचे काम नव्हते, आणि रन्वारची गोष्ट सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. बायको आलीन रोजच्या मलमपट्ट्या बघे, घर आणि वाडी चालवी. तिला स्वतःला मधुमेह होता. तिची नातलग गाब्रिएल रनार मुलांना सांभाळायला म्हणून लहान वयात घरी आली होती. ती त्याची मॉडेल झाली आणि पुढे ब्रश हाती देणारी, रंग काढणारी मदतनीस. शिवाय स्वयंपाकीण, नोकर, मॉडेल मुली. थकव्याचा हिशेब बसवायला हाताशी इतकी माणसे आणि पैसा असावा लागतो, हे मान्य केले पाहिजे. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहून दोन डबे करणाऱ्या बाईला रन्वारचे उदाहरण देऊन भागत नाही. तिच्या बाबतीत घरातल्या इतरांनी उठून काम वाटून घेणे हाच तो काचेचा स्टुडिओ.

१९१३ मध्ये त्याने आणखी एक दार उघडले. वोलार या चित्रविक्रेत्याच्या सूचनेवरून तो शिल्पाकडे वळला. मातीला हात लावणे तर शक्यच नव्हते. रिशार गिनो हा तरुण शिल्पकार माती हाताळे आणि रन्वार खुर्चीतून हातातल्या काठीने दाखवी की इथे वाढव, तिथे कमी कर. १९१८ पर्यंत हे चालले. ‘विजयी व्हीनस’ हे त्यातले प्रसिद्ध शिल्प. बरीच वर्षे ही शिल्पे फक्त रन्वारच्या नावावर खपली. अखेर १९७३ साली फ्रान्सच्या न्यायालयात गिनोचा सहनिर्मिक म्हणून हक्क कायम झाला. उसन्या हातांनाही नाव असते.

दरम्यान महायुद्ध सुरू झाले होते. पिएर आणि झाँ हे दोघे मोठे मुलगे जखमी झाले. झाँचा पाय कापायची वेळ आली होती, तो कसाबसा वाचला. आलीन त्याला इस्पितळात भेटून आली आणि १९१५ च्या जूनमध्ये तीच गेली. रन्वार खुर्चीत बसून काम करत राहिला.

औषधे म्हणून त्याच्याकडे होते काय? अँटिपायरिनसारखी वेदनाशामके, जुलाब, गरम पाण्याच्या झऱ्यांची स्नाने. झऱ्यांवर तो गेलाही, फार गुण आला नाही. तो गेल्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रोग्याला कॉर्टिझोन दिले आणि अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक त्या कामाला मिळाले. त्याच वर्षी राऊल द्युफी हा दुसरा फ्रेंच चित्रकार, तोही याच आजाराने जखडलेला, बोस्टनला जाऊन हे उपचार घेऊन आला आणि त्याला पुन्हा बोटांत ब्रश धरता आला. कॉर्टिझोनचे दुष्परिणाम पुढे कळले. त्यानंतर मेथोट्रेक्सेट आले. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे, चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस थेट सूज चेतवणाऱ्या रसायनांना अडवणारी जैविक औषधे आली. आज हा आजार पहिल्या काही महिन्यांत ओळखला आणि औषध लगेच सुरू केले, तर बहुतेकांचे हात रन्वारच्या हातांसारखे होत नाहीत. म्हणून सहा आठवडे सांधे सुजलेले राहिले, सकाळचा आखडलेपणा तासभर सुटेना, तर सोसत बसायचे नाही, संधिवाततज्ज्ञाला गाठायचे. दुखणे पुन्हा पुन्हा उसळत असेल तर औषध बदलायची वेळ आली आहे का, हेही त्यांनाच विचारायचे. रन्वार सोसत राहिला कारण त्याच्यापुढे दुसरे काही नव्हते.

शेवटची दोन वर्षे त्याने एका मोठ्या कॅनव्हासला दिली. ऑलिव्हच्या बागेत पहुडलेल्या दोन स्त्रिया, मागे पाण्यात आणखी तिघी. दुखण्याची एक रेघ त्यात सापडत नाही. गुलाबी, केशरी, भरगच्च अंगे, ऊन सगळीकडे सांडलेले. काही समीक्षकांना हे चित्र अतिरेकी वाटते, आणि तसे वाटण्याला जागाही आहे. १९१९ मध्ये चाकांच्या खुर्चीतून त्याला लूव्र संग्रहालयात फिरवण्यात आले. तरुणपणी जिथे तो जुन्या उस्तादांची चित्रे बघायला जाई, तिथे आता त्याचे स्वतःचे चित्र लागले होते.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला कान्य इथे न्यूमोनियाने त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवसांपर्यंत रोज कोणीतरी त्याच्या बोटांत ब्रश सारून देत होते. स्नान करणाऱ्या स्त्रियांचे ते चित्र १९२३ मध्ये मुलांनी देशाला दिले. ११० बाय १६० सेंटीमीटरचे ते चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.